चारच्या ड्युटीला निघालेल्या काकू

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, मराठी घरं दोनच होती. सातव्या मजल्यावर आम्ही आणि तिसऱ्यावर पुण्याचं एक कुटुंब. मुलगा सारखा दौऱ्यावर, सून पाया लेबारला एका ऑफिसात अकाउंटंट, आणि मुलाची आई. या आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मी त्यांना काकू म्हणायचे. त्यांना आता माणसं, वेळ, घर काहीच नीट आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी ठरवलेल्या हेल्परचा, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईचा, वर्क पास यायला अजून दीड महिना होता. ही दोन हजार चौदा सालची गोष्ट.

माझा नवरा बुओना व्हिस्टाला नोकरीला होता आणि मी पुण्यातली नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले होते. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. इथल्या चर्चमध्ये आमचे पाळक उपासना संपताना विचारायचे, "या आठवड्यात कुणासाठी काय केलंत?" दर रविवारी मी मान खाली घालायचे. त्यामुळे एकदा लिफ्टमध्ये काकूंची सून रडवेली होऊन फोनवर रजा मागताना दिसली, तेव्हा मी पटकन बोलून गेले, "दिवसा मी बसत जाईन त्यांच्याजवळ."

दोन दिवसांनी ती वर आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "राग मानू नका, पण आईंसमोर प्रार्थना वगैरे नको. ह्यांना आवडायचं नाही."

"नाही करणार," मी म्हटलं. मला वाईट वाटलं, पण तिची बाजूही कळत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. गॅसचं बटण, बाल्कनीचं दार, बाथरूमची कडी, सगळं मी पुन्हा पुन्हा बघायचे. काकूंनी घास गिळला की नाही ते त्यांच्या गळ्याकडे बघून ठरवायचे. साडेतीन झाले की त्या अस्वस्थ व्हायच्या. "माझी चारची ड्युटी आहे, उशीर झाला तर सुपरवायझर बोलतात," म्हणत दारापाशी जायच्या. दाराला आतून साखळी होती. मी म्हणायचे, "काकू, आज तुमची सुट्टी आहे." कधी पटायचं, कधी त्या माझा हात झटकून टाकायच्या.

तिसऱ्या आठवड्यातला तो दिवस. सकाळीच नगरहून भावाचा मेसेज आला होता, आईच्या गाठीचा रिपोर्ट आज मिळेल. माझी आई तिकडे आणि मी इकडे दुसऱ्याच्या आईला वरणभात भरवत होते. दुपारी पार्सलवाला आला. मी सही केली, दार ओढून घेतलं. काकू सोफ्यावर डुलकी घेत होत्या. मला एकदम भरून आलं. त्यांच्यासमोर प्रार्थना करायची नाही असा शब्द दिला होता, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, दार लावलं आणि ओट्याला धरून डोळे मिटले. आईसाठी मागत राहिले. पाच मिनिटं असतील, दहाही असतील.

बाहेर आले तर सोफा रिकामा. दार सताड उघडं. साखळी मी लावलीच नव्हती.

लिफ्ट येईना म्हणून जिन्याने धावले आणि खाली पोचल्यावर सगळ्यात आधी तरणतलावात बघितलं. पाणी निळं आणि स्थिर होतं. तळापर्यंत नजर टाकली, मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा टाकली. तेवढ्यात फोन वाजला. भावाचा होता. मी कट केला.

गेटवरचा गार्ड म्हणाला, एक म्हाताऱ्या आंटी बाहेर गेल्या, त्याला वाटलं कुणाकडे पाहुण्या आल्या असतील. "कुठल्या बाजूला?" मी ओरडलेच. त्याने मोठ्या रस्त्याकडे हात केला.

तो रस्ता मला अजून आठवतो. बस, टॅक्सी, लॉरी, एकामागून एक. मी पळत होते आणि तोंडातून फक्त "प्रभू, प्रभू" निघत होतं, पुढचा शब्दच सुचत नव्हता.

काकू बसस्टॉपवर होत्या. गाऊनवर, अनवाणी. शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मलय बाई बसली होती आणि तिने काकूंचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. आपल्या दोन बस तिने सोडून दिल्या होत्या. मला बघून म्हणाली, "युअर मदर, आह?"

मी "येस" म्हटलं आणि तिथेच रडायला लागले. तिने पिशवीतली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, पुढची बस आली तशी चढून गेली.

काकू मला म्हणाल्या, "बाई, रडू नका. चारची बस येईलच आता."

तापलेल्या फुटपाथने त्यांच्या तळपायांना फोड आले होते. माझ्या चपला त्यांना घातल्या, घरी आणलं, स्टुलावर बसवून थंड पाण्याच्या टबात त्यांचे पाय धुतले. पायांना मलम लावताना भावाचा मेसेज वाचला. गाठ साधी होती. मला आनंदसुद्धा होईना. सून साडेसहाला येणार, तिला काय सांगायचं हेच डोक्यात. बाथरूममध्ये गेले होते म्हणावं, कुणीही विश्वास ठेवला असता.

ती आली, पाय बघितले. "हे काय?"

"काकू बाहेर गेल्या होत्या. मी साखळी लावायला विसरले." मग म्हटलं, "मी स्वयंपाकघरात प्रार्थना करत होते. डोळे मिटून. माझ्या आईचा रिपोर्ट यायचा होता."

ती काकूंच्या पायांशी बसली. "आईंना काही झालं असतं तर?"

मी मलमाची ट्यूब तिच्या हातात दिली.

"तुम्ही उद्यापासून नका येऊ," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी घरात येरझारा घातल्या. नवरा म्हणाला, "झालं ते झालं, सोड आता." रविवारी पाळकांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटलं.

सोमवारी सकाळी बेल वाजली. सून होती, ऑफिसच्या कपड्यांत, डोळे सुजलेले. "तीन रजा झाल्या. चौथी मिळत नाहीये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत. प्रार्थनेचं सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं. आज याल का?"

मला खरं तर नाही म्हणायचं होतं. "पुन्हा काही झालं तर?" मी विचारलं.

"मलाही तीच भीती आहे," ती म्हणाली. "माझ्याकडून होईल याचीसुद्धा."

मी गेले. हेल्पर येईपर्यंत रोज गेले. शेवटच्या दिवसापर्यंत आत शिरले की आधी साखळी लावायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा जाऊन बघायचे. काकूंच्या फोडांना नवी कातडी आली. त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मलम लावायला बसले की त्या दर वेळी पाय ओढून घ्यायच्या आणि संकोचून म्हणायच्या, "अहो, तुम्ही कशाला? मी करते ना."