सासऱ्यांचं लाडकं स्टूल

ऑफिसात त्याला सगळे तडेश्वर म्हणत. वस्तू कारखान्यात बनण्याआधी कॉम्प्युटरवर मोडून बघायची, हे त्याचं काम. कोणतं प्लास्टिक वजन पेलून पेलून किती कमजोर होतं, त्याचं गणित तो स्वतः लिहून सॉफ्टवेअरला शिकवायचा. सासऱ्यांना मात्र हे काम वाटतच नसे. जावई काय करतो, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "खुर्चीत बसून खुर्च्या मोडतो." बिचाऱ्याच्या जिव्हारी लागायचं. या माणसाने एकदा तरी आपल्याला शाबास म्हणावं, एवढीच त्याची इच्छा.

म्हणून ते राहायला आले तेव्हा त्याने स्वतः गणित केलेल्या स्टुलाचा पहिला नमुना त्यांना बसायला दिला. सासरे अंगाने भरभक्कम. गोष्ट रंगात आली की ते ताडकन उठायचे आणि धप्पकन बसायचे.

शेजारी लॅपटॉपवर गणित चाळताना तडेश्वर एका ओळीवर अडला. माणूस उठला की झालेली इजा पुसून टाक, असं त्यानेच लिहून ठेवलं होतं! कॉम्प्युटरवरचं स्टूल दर वेळी नवंकोरं होत होतं. त्याने घाईघाईने ती ओळ सुधारली. स्क्रीनवरच्या स्टुलाचा मागचा डावा पाय लगेच तुटला. आणि सासरे तर सकाळपासून गोष्टी सांगत होते!

"बाबा, सोफ्यावर या ना."

"छे! तुमचं हे स्टूल कमरेला झकास आहे, जावईबापू."

आयुष्यात पहिल्यांदा कौतुक, तेही या स्टुलाचं! खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. "मग निदान उठू नका हं! काय हवं ते मी आणून देतो."

मग काय, पाणी हातात, चहा हातात, टीव्हीसुद्धा ओढून समोर. बायकोने हळूच विचारलं, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "पोरी, माझ्या सख्ख्या मुलांनी इतकं केलं नाही गं," म्हणत ते जावयाला मिठी मारायला उठलेच. मिठी झाली, आणि सवयीने ते बसायला वळले.

तडेश्वरने सूर मारला आणि त्यांच्या आधी स्वतः स्टुलावर आदळला. काडकन आवाज झाला. जमिनीवर पडल्या पडल्या तो तुटका पाय उंचावून ओरडला, "मागचा डावा! गणितात हाच आला होता, बाबा!"

सासऱ्यांनी स्क्रीनवरचं स्टूल पाहिलं, जमिनीवरचं पाहिलं. मग म्हणाले, "शाबास."

आता जावई काय करतो असं कुणी विचारलं की सासरे छाती फुगवून सांगतात, "स्टूल कुठे मोडणार ते आधी सांगतो, आणि मग स्वतः बसून दाखवतो!"