कोंबडी कशी आहे?

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून शेजारणीची हाक यायची, "भाभीजी, पूना से फोन!" की मी पिठाचे हात तसेच घेऊन पळायची. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. नंबर लावलेला होता, पण तो कधी लागेल ते महाकाळालाच ठाऊक. शेजारी रेल्वेच्या ड्रायव्हरचं घर. त्यांच्याकडे फोन आला होता, म्हणून आमच्या मुलीचा फोनही तिथेच यायचा. धापा टाकत रिसीव्हर कानाला लावला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आई, कोंबडी कशी आहे?"

आई कशी आहे, ते नाही. बाबा कसे आहेत, ते तर नाहीच नाही. कोंबडी!

मला असा राग यायचा, की वाटायचं म्हणावं, बाई गं, कोंबडीलाच बोलावते, तिच्याशीच बोल. आता ती सातासमुद्रापलीकडे असते आणि रोज फोन करते. तोंडसुद्धा दिसतं. बीपीची गोळी घेतलीस का, गुडघा कसा आहे, कामवाली आली का, सगळं विचारते. गुणाची आहे पोरगी. पण खरं सांगू? मला तो एकच प्रश्न पुन्हा ऐकावासा वाटतो. तो विचारणारी ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी हवी आहे, भिंतीशी कान लावून उभे राहणारे आमचे हे हवे आहेत, आणि ती मेली कोंबडीसुद्धा हवी आहे.

कोंबडी आमच्याकडे आली ती रंगून. मुलगी कॉलेजात होती तेव्हा आमच्या उज्जैनच्या टावर चौकात एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन बसायचा, गुलाबी, हिरवी, पिवळी. ही बया दोन घेऊन आली. हिरवं लगेच गेलं. गुलाबी जगलं, पण तो रंग काही भैरवगढच्या छापाच्या चादरीसारखा पक्का नव्हता. पिसं बदलली तशी आतून चांगली पांढरीशुभ्र कोंबडी निघाली.

आमच्या घरात अंड्याचं नावही कोणी काढत नसे. ह्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं की तिला नाव ठेवायचं नाही, नाव ठेवलं की माणूस गुंततो. म्हणून ती शेवटपर्यंत कोंबडीच राहिली. अंडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये, हा माझा नियम. मुलगी ते उचलायची आणि भिंतीवरून शेजारणीला द्यायची. ती दिवसभर कॉलेजात असली तर अंडं संध्याकाळपर्यंत तसंच पडून राहायचं, पण मी हात लावला नाही.

मग मुलीला पुण्यात कंप्यूटरच्या कंपनीत नोकरी लागली. तेव्हा अशा कंपन्या नव्या नव्या निघत होत्या आणि कालपर्यंत बँकेची परीक्षा देणारी मुलं भराभर तिकडे चालली होती. हे सरकारी नोकरीत केस पांढरे केलेले. त्यांना वाटायचं, प्रायव्हेटचा काय भरोसा, आज आहे उद्या टाळं. तिने बँकेची परीक्षा द्यावी, उज्जैनमध्येच राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. बापलेक दोघंही एका माळेचे मणी, वाकायला कोणी तयार नाही. शेवटी हे म्हणाले, जायचं तर जा, पण मग मला फोन करू नकोस. आणि तिने बापाचा शब्द तंतोतंत पाळला. फोन यायचा तो मला.

तो आला की ह्यांना नेमकं कोंबडीला दाणे टाकायचं सुचायचं. कोंबडीचा पिंजरा शेजारच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडेच शेजारणीची फोनची खिडकी. हे वाकून उभे राहायचे, मुठीतली ज्वारी एक एक दाणा करून टाकायचे. मी परत आले की पेपर उघडायचे. मीही काही सांगायची नाही. भोगा म्हणावं! पण जेवताना राहवायचं नाही, आणि मग मी आमटीला उद्देशून सांगायची, की खोली बदलली आहे, मेसचं जेवण बरं आहे, "नल आले" म्हटलं की तिकडच्या मुली हसतात म्हणून आता "पाणी आलं" म्हणते. हे भात कालवत राहायचे.

मुलगी गेल्यावर अंडं उचलायचं माझ्याच गळ्यात पडलं. मी तोंड फिरवून, पेपरच्या तुकड्यात धरून ते शेजारणीला द्यायची. त्यामुळे त्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला कोंबडीने अंडं देणं बंद केलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, हायसंच वाटलं. घरात घट बसायचे होते, सोवळं-ओवळं होतं, म्हटलं बरं झालं, नऊ दिवस तरी ही कटकट नको. अंडं का बंद झालं, हा विचार माझ्या डोक्यालाही शिवला नाही. ज्या गोष्टीकडे बघायचंच नाही, ती नाहीशी झाली तर कोण चौकशी करतं?

मग एका सकाळी ती पिंजऱ्याबाहेर येईना. पिसं फुलवून, शेपूट खाली पाडून कोपऱ्यात उभी. दाण्याकडे बघेना. डोळे मिटायची, मध्येच अंग आवळून कुंथायची. मी म्हटलं, पोटात वारा धरला. आमच्याकडे तान्ह्या बाळाला जे करतात ते मी केलं. हिंग पाण्यात कालवून तिच्या पोटाला लावला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं. अख्खं अंगण हिंगाने घमघमलं. कोंबडी बिचारी फोडणी दिल्यासारखी उभी, आणि दुखणं जिथल्या तिथे.

दुपारी हे ऑफिसातून आले, तिच्याकडे बघून भाजीची पिशवी घेतली आणि तिला तीत घालून गुरांच्या दवाखान्यात निघाले. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीतून डोकावणारा तुरा. फ्रीगंजच्या बाजारात ऑफिसातले कोणी भेटले आणि म्हणाले, क्यों साहब, नवरात्रि में पार्टी? जन्मभर कांदा-लसणाचाही विचार करून खाणारा हा माणूस. एरवी घरी येऊन पिशवी आपटली असती. त्या दिवशी मात्र तसेच पुढे गेले. डॉक्टर टीकाकरणासाठी, गुरांना लस टोचायला, गावोगाव गेलेले होते. परत आले तेव्हा कोंबडीची मान पिशवीच्या काठावर पडली होती आणि ह्यांचा चेहरा पार उतरला होता.

"ही गेली तर ती फोन कशाला करेल?" हे म्हणाले.

मला इतका संताप आला. मी काय मेले आहे का? मी आई आहे तिची! पण ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं, कारण माझ्याही मनात तीच भीती होती. फोन मला यायचा, पण विचारपूस कोंबडीची असायची. त्या कोंबडीच्या आडून ती घराला हात लावून जात होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दोर तुटला असता तर कुठून बांधणार होतो?

ह्यांनी चपला पुन्हा घातल्या. फोनला शेजारी का नाही जात, म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिथे सगळे ऐकतात. दुसऱ्याचं ऐकायला ह्यांना चालायचं! टावर चौकापाशी एसटीडीचं काचेचं बूथ होतं, तिच्या ऑफिसचा नंबर घेऊन तिथे गेले. मी कोंबडीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. सहा महिने ज्याने पोरीचं नाव टाकलं होतं तो आता काय बोलेल, ती फोन घेईल की नाही, याचीच मला कोंबडीपेक्षा जास्त काळजी लागली होती. कोंबडीचं अंग तापलेलं होतं. आतला जीव हाताला धडधडत लागत होता.

हे जवळजवळ पळतच आले. दारातूनच म्हणाले, पाणी कोमट कर, घमेलं आण, खोबरेल कुठे आहे. अंडं आत अडकलंय. पोरीने पहिला प्रश्नच हा विचारला म्हणे, शेवटचं अंडं कधी दिलं? अंड्याकडे ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मी बघितलं, ते नाहीसं झालं म्हणून हायसं वाटण्यापुरतं. कॉलेजात असताना एकदा असंच झालं होतं, तेव्हा पोरीने न्हाणीघराला कडी लावून, कोंबडीला गरम पाण्यात बसवून सोडवलं होतं. घरात अंड्याचं नाव काढायची चोरी, म्हणून सांगितलं नाही. तो दिवस मला आठवला. केस धुवायला एवढा वेळ लागतो का, म्हणून मी बाहेरून दार बडवलं होतं.

अगं बाई, म्हणजे ही अडलेली बाळंतीण, आणि मी तिला हिंग लावत बसले! मी घमेलं थेट स्वयंपाकघरात आणलं, चुलीजवळ ऊब असते म्हणून. उंबरा-बिंबरा मला आठवलाही नाही. देवघरात घटाचा दिवा तेवत होता. ह्यांनी कोंबडीला पाण्यात धरलं, मी बोटाला तेल लावून दिलं, ह्यांनी तेही केलं. दाबायचं नाही, असं तिने सांगितलं होतं. म्हणून आम्ही नुसते बसून राहिलो, पाणी निवलं की मी बदलायची. हे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते. अशा आवाजात हे पूर्वी मुलीचा ताप उतरवताना बोलायचे.

आणि अंडं आलं. सुरकुतलेलं, मऊ कवचाचं. ह्यांच्या तळहातावर. ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना, मलाही कळेना. शेवटी त्यांनी ते आपल्या पंच्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं, कोंबडी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, तिला सांगून येतो. पुन्हा एसटीडीवर. परत आले तेव्हा हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, दिवाळीला येते म्हणतेय.

दसऱ्यापर्यंत कोंबडी बरी होती. दाणे खाल्ले, अंगणात चार पावलं फिरली. मग पुन्हा मलूल झाली आणि एका पहाटे गेली. ह्यांनी जास्वंदीखाली खड्डा खणला. माती सारखी करताना मला म्हणाले, तिला सांगायचं नाही. कोंबडी नाही म्हटल्यावर ती येणार नाही.

पुढच्या रविवारी शेजारणीची हाक आली. पण माझ्या आधी हेच उठले. शर्ट चढवून शेजारी गेले आणि रिसीव्हर घेतला. थंडी पडली का, गाडीचं आरक्षण झालं का, इकडे अनारसे करतेय तुझी आई. कोंबडीबद्दल चकार शब्द नाही. त्यानंतरच्या रविवारीही तेच. भिंतीच्या अलीकडे, रिकाम्या पिंजऱ्यापाशी आता मी उभी असायची.

वसुबारसेच्या सकाळी मुलगी आली. वाळली होती. पायांतल्या चपला न काढता सरळ अंगणात गेली. ह्यांनी पहाटे उठून पिंजरा धुतला होता, वाटीत पाणी भरून ठेवलं होतं, दाणे टाकले होते. काय मनात होतं देव जाणे, दोन घटका तरी निभावून जाईल असं वाटलं असेल. ती पिंजऱ्यासमोर बसली. हे मागे उभे. "अगं, आत्ता इथेच..." म्हणाले.

"बाबा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही दर रविवारी फोनवर यायला लागलात आणि तिचं एकदाही काही बोलला नाहीत."

ह्यांनी विचारू नये ते विचारलं. "मग आलीस कशाला?"

तिने वाटीतलं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं. मातीचा तो उंचवटा तिला दिसला होता.

"फोन तुम्ही केला होतात ना," ती म्हणाली.

ह्यांनी तिची बॅग उचलली आणि आत नेली. मी चहाचं आधण ठेवलं, तिघांचं.