तिसरी हाक

किन्हवलीच्या झेरॉक्सवाल्या बाई तिसऱ्या हाकेलाच ओ देतात. मला आधी तो माज वाटायचा. "भूत दोनदाच हाक मारतं," त्या एकदा म्हणाल्या.

त्यांनी स्वतः एक मोबाइल गेम बनवलाय. त्यात अंधारात, विहिरीवरून वाट काढत आपला पाडा शोधायचा. ऑनलाइन दुकानातल्या हजारो गेममध्ये तो कुणाला दिसेना. "म्हशाच्या जत्रेत हरवलेलं माणूस सापडतं, माझा गेम नाय सापडत."

मग पहिला अभिप्राय आला: "विहिरीपाशी हाक कोण मारतं?" गेमला आवाजच नव्हता. बाई गप्प राहिल्या. दुसऱ्या अभिप्रायातही तोच प्रश्न होता, तरी गप्पच.

काल माझ्यादेखत तिसरा आला. त्यात फक्त बाईंचं माहेरचं नाव होतं.

"ह्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाय," त्या म्हणाल्या, आणि उत्तरात टाइप केलं, "ओ."