कुंदाताईंचे शनिवार-रविवार

कुंदाताई गेल्या त्या ऐन पावसाळ्यात, जंगल बंद असताना. मी ऑफिसात होते. जबलपुरातल्याच रांझीहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला, "दीदी दरवाजा नहीं खोल रहीं, आप जल्दी आ जाइए." ऑटोत बसल्यावर मी स्वतःची समजूत घालत होते की ताईंना हल्ली जरा कमी ऐकू येतं, त्यात पंखा, त्यात पाऊस... शेवटी दार तोडावं लागलं. झोपेतच गेल्या होत्या. अमरावतीहून त्यांचे भाऊ येईपर्यंत मी जवळ बसून राहिले. ग्वारीघाटावर, नर्मदेकाठी त्यांना पोचवून परतताना मनात पहिला विचार आला तो इतका क्षुल्लक, की सांगायलाही संकोच वाटतो. ऑक्टोबरात जंगल उघडलं की कान्हाला जायचं बुकिंग आम्ही दोघींच्या नावाने करून ठेवलं होतं. आता मी जायचं, की नाही?

सिव्हिल लाइन्समधल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात आम्ही दोघी नोकरीला. ताई आस्थापना विभागात, म्हणजे सगळ्यांच्या रजा त्यांच्या हातात. मी तिथे आले ती नवऱ्याच्या जागेवर, अनुकंपा तत्त्वावर. मुलगा लहान, माहेर वर्ध्याला, आणि जबलपुरात माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी डबा न उघडताच बसलेली पाहून एक उंच, सावळ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "काहून गं, जेवत नाहीस? उपास करून राहिली का?" त्या एका 'काहून'ने मला रडू फुटलं. ताईंनी रडू दिलं, मग स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्या पुढ्यात ठेवली. त्यांचे वडील इथल्या फॅक्टरीत नोकरीला होते, ताईंनी लग्न केलं नाही, आईचं सगळं त्यांनीच केलं. आई गेल्यावर शनिवार-रविवार अंगावर यायला लागले तेव्हा त्यांनी जंगलाची वाट धरली. मुलगा शिकायला बाहेर पडल्यावर माझेही शनिवार-रविवार अंगावर यायला लागले, आणि ताई म्हणाल्या, "चल, तुला बारासिंगे दाखवते."

नोकरी सांभाळून जंगल बघायचं म्हणजे कसरत असते. शनिवारी पहाटे मंडल्याची बस, तिथून पुढे कान्हाचं खटिया गेट, दुपारची फेरी, रविवारी सकाळची फेरी, आणि जेवण झालं की लगेच परतीची बस. सोमवारी डोक्यातली लाल धूळ पुरती निघालेली नसायची, तरी ताई वेळेवर खुर्चीत. रजा मंजूर करणारी बाई स्वतः रजा घ्यायला मात्र भारी कंजूष होती. "आपणच घ्यायला लागलो तर दुसऱ्याला नाही कशी म्हणू?" असं त्यांचं तर्कशास्त्र. सोमवारी ऑफिसात ठरलेला प्रश्न यायचा, "क्यों दीदी, शेर दिखा?" ताई फायलीतून मान वर न करता म्हणायच्या, "नहीं, साहब दौरे पर थे." खरं म्हणजे वाघाचं त्यांना फारसं काही नव्हतंच. दुसऱ्या गाड्या वाघामागे धूळ उडवत पळायच्या तेव्हा ताई गाइडला सांगायच्या, "हमें मैदान में ले चलो भैया, आराम से." मग गवतात उभे असलेले बारासिंगे बघत त्या इतक्या गप्प बसायच्या की बरोबरचे प्रवासी कंटाळून जायचे. एकदा एका नागपूरकर गृहस्थांनी चिडून विचारलं, "मॅडम, हे हरणच बघायला पैसे भरले का आपण?" ताई शांतपणे म्हणाल्या, "हो. तुम्ही कशाचे भरले?" घरी येईपर्यंत मी हसत होते.

एक फजिती मात्र त्यांनी मला ऑफिसात कधी सांगू दिली नाही. तेव्हा तिकीट खिडकीवरच मिळायचं. बुधवारी सणाची सुट्टी आली, म्हणून आम्ही पहाटे निघून, दोन बस बदलून दुपारी गेटवर हजर झालो, तर गेट बंद! बुधवारी दुपारी जंगलात फेरी नसते. अख्ख्या ऑफिसच्या रजेचे नियम तोंडपाठ असलेली बाई जंगलाची सुट्टी विसरली होती. ताई क्षणभर गेटकडे बघत राहिल्या आणि मग तिथेच मातीत बसून खो-खो हसल्या. "जंगलालाही हाफ-डे आहे गं शैला! बरं आहे, त्यांनाही घरची कामं असतील." बाहेरच्या टपरीवर चहा पीत, गावात परतणारी गुरं बघत आम्ही ती दुपार काढली. आज वाटतं, एवढी मोकळी दुपार आम्हाला पुन्हा मिळाली नाही.

मग ताई निवृत्त झाल्या. मला वाटलं, आता बाई जंगलातच मुक्काम ठोकणार. पण त्या माझ्याशिवाय एकदाही गेल्या नाहीत. माझी ड्यूटी, माझं ऑडिट, माझे शनिवार, यांच्यातच त्या आपलं जंगल बसवत राहिल्या. शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा, "सुटलीस का?" एकदा मी विचारलंच, "ताई, तुम्हाला तर आता रोजच रविवार. एकट्या काहून नाही जात?" त्या म्हणाल्या, "एकटी जाऊन 'ते बघ' कोणाला म्हणू?"

ते वाक्य आता माझं झालंय. मुलगा बेंगळुरूहून रोज फोन करतो, प्रेमाने करतो, पण त्याला मराठी समजतं तेवढं बोलता येत नाही. "मम्मी, अकेली मत जाओ, कैन्सल कर दो," असं तो म्हणाला. मीही तेच ठरवलं होतं. शुक्रवारी ऑफिस सुटलं, घरी आले, कुलूप काढलं, आणि त्या घरात सोमवारपर्यंत आपल्या तोंडून एक शब्दही निघणार नाही हे लक्षात आल्यावर मला इतकी भीती वाटली की मी बॅग काढली.

शनिवारी दुपारी खटियाच्या गेटवर परवान्यावरची नावं वाचली जात होती. माझं झालं, मग ताईंचं. नाव पुन्हा वाचलं गेलं. आमच्या गाडीला नेमके मरावी भैया गाइड मिळाले होते, आमच्या दोघींच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी हसत विचारलं, "दीदी नहीं आईं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उनको छुट्टी नहीं मिली."

मरावी भैया बुचकळ्यात पडले. "छुट्टी? वो तो रिटायर हो गईं न! यहीं गेट पर सबको पेड़े खिलाए थे. कह रही थीं, अब खुली हूँ, बस शैला के छूटने की राह देख रही हूँ."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मला ते सांगावंच लागलं, आणि सांगायला आमची भाषासुद्धा मिळाली नाही. "दीदी नहीं रहीं, भैया," मी म्हणाले.

मरावी भैया गाडीत चढून ड्रायव्हरच्या कानात काहीतरी म्हणाले, आणि सगळ्या गाड्या जिकडे वळत होत्या तिकडे न वळता आमची गाडी मैदानाकडे निघाली. बरोबरचं कुटुंब कुरकुरलं. मी मागच्या उंच बाकावर उजव्या कडेला सरकून बसले होते. डावी कड ताईंची... झाडी मागे पडली आणि गवतातून बारासिंग्यांची शिंगं दिसायला लागली. मरावी भैयांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, बोट त्या दिशेला केलं, आणि हळूच म्हणाले, "वो देखिए."