दाराला टेकलेला खराटा

हौकिसालो गावात माणसं कमी आणि बोलणारी त्याहून कमी. त्यांतही तौनो रेपोचं बोलणं म्हणजे फिनलंडच्या हिवाळ्यातलं ऊन; पडलंच तर लोक कौतुकानं खिडकीशी यायचे. जन्मभर त्यानं शाळेची बस चालवली. मग शाळेत मुलंच उरली नाहीत म्हणून बस बंद झाली, आणि त्याच हिवाळ्यात त्याची बायको लेंपी गेली. तिचा कॅमेरा कपाटात पडून होता. तौनोनं तो गळ्यात अडकवला आणि गावातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढायला लागला.

दुधाचे कॅन ठेवायचा लाकडी कट्टा, चर्चमागचा हातपंप, बंद पडलेल्या डेअरीचा तराजू. या मंडळींचं एक बरं होतं. ती शहरात राहायला जात नव्हती, मरत नव्हती आणि ‘माझे डोळे मिटले का रे?’ असं विचारत नव्हती. पंपाला तो टोपी काढून नमस्कार करतो अशी गावात अफवा होती. ती साफ खोटी. तो नुसती मान हलवायचा.

जिवंत माणसांपैकी त्याच्याकडे येणारी एकटी सायमी. ओढ्यापलीकडे राहणारी, लेंपीची मैत्रीण. दर गुरुवारी तौनो वाटाण्याचं सूप करायचा, ती पॅनकेक आणि मुरंबा घेऊन यायची. ‘मीठ दे’ आणि ‘बर्फ उतरेल आता’ एवढ्या बोलण्यावर दोघांचा आठवडा निघायचा. लेंपी गेल्यापासून सायमीचा एकही गुरुवार चुकला नव्हता.

मार्चमध्ये ग्रंथालयानं त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यात आजोबांनी केलेलं आपल्या घराचं पुढचं दारही हवं, असं तौनोच्या मनानं घेतलं. नुसतं दार ओकंबोकं दिसेना, म्हणून त्यानं भूर्जाच्या काटक्यांचा जुना खराटा आणून तिरका टेकवला. झकास दिसला. फक्त ऊन नव्हतं. मांडणी मोडायला नको म्हणून तो मागल्या अंगाच्या स्वयंपाकघरातून ये-जा करू लागला आणि उन्हाची वाट पाहत बसला.

आता, या मुलखात दाराला कुलूप लावायची पद्धत नाही. खराटा टेकवला की घरात कुणी नाही, हे रांगत्या पोरालाही कळतं. तौनोलाही कळत होतंच. पण गळ्यात कॅमेरा असला की त्याला खराटा दिसत नसे, काटक्यांची सावली तेवढी दिसे.

गुरुवारी सूप झालं, सायमी आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. सूप पुन्हा गरम करून त्यानं एकट्यालाच वाढून घेतलं. फोन करावासं वाटलं. पण बोलायचं काय? फोनवर कधी कुणी मीठ मागतं का? तिच्या मुलीनं नेलं असेल तिला शहरात, असं त्यानं ठरवून टाकलं. न सांगता गेली. आता गुरुवारही पंपाबरोबरच काढायचे. दुसरी ताटली त्यानं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

मग एका सकाळी ऊन पडलं. तौनो पुढच्या अंगणात गेला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. दार, खराटा, आणि बर्फात उमटलेली पावलं. लहान, डावा पाय जरासा फरफटणारी. पायरीपर्यंत येऊन थांबलेली आणि तिथूनच मागं फिरलेली. काही पावलं नव्या बर्फानं बुजत आलेली, त्यांच्या शेजारी ताजी. पायरीवर मुरंब्याची बरणी, झाकणावर बर्फाची टोपी.

कॅमेरा खाली आला तेव्हा कुठं त्याला खराटा दिसला. फोटो न काढताच तो निघाला, त्या पावलांवर पाय पडू न देता, कडेकडेनं, ओढ्यापलीकडे.

सायमीच्या दाराला खराटा नव्हता.

“आलास परत?” ती म्हणाली.

“गेलो कुठं होतो? घरातच तर होतो.”

“ते दिसत होतं. धूर येत होता की धुराड्यातून.”

“मग आत का नाही आलीस?”

“खराटा होता ना.” ती म्हणाली, “म्हटलं, माणसं नकोशी झाली असतील तुला. पंपाशी पटतंच तुझं.”

तौनोनं गळ्यातला कॅमेरा पुढं केला. “फोटोसाठी टेकवला होता गं. उन्हाची वाट बघत होतो.”

“आणि मी रोज खिडकीतून बघत होते, हलला का मेला खराटा.”

एवढं ती दोघं अख्ख्या हिवाळ्यात बोलली नव्हती. दोघांनाही दम लागल्यासारखं झालं.

“आज गुरुवार नाहीये,” सायमी म्हणाली.

“सूप उरलंय.”

तिनं कोट चढवला. तौनोच्या दाराशी आल्यावर तिनं काही न विचारता खराटा उचलला, लाकडांच्या खोपटात नेला आणि ओंडक्यांच्या पार मागं कोंबून ठेवला. तोवर तौनो स्टुलावर चढून वरच्या फळीवरची ताटली काढत होता.