बुटकं टमाटर

आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी एक सभा भरते. सात-आठ माणसं, डोक्यावर टोप्या, हातात फवाऱ्याच्या बाटल्या आणि मधोमध एक कुंडी. कुंडीत एकच टमाटर. त्याचे पाच बाजूंनी पाच फोटो निघतात, ते ग्रुपवर पडतात आणि मग दिवसभर एकमेकांना टाळ्या. असल्या माणसांकडून मी सल्ला घेतला, हे सांगताना आजही माझी मलाच लाज वाटते.

पण गरज माझी होती. दिवाळीनंतर माझी माय गावाकडे बाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात, स्टुलावर चढून टमाटराची वाढलेली झाडं बांबूला बांधत होती. स्टूल कललं, ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. गाव गडचिरोलीच्या रस्त्याला. मी तिला उचलून चंद्रपूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. इथे मी एकटीच राहते. नवऱ्याचा विषय संपून बरीच वर्षं झाली आणि तो इथे काढावा अशा लायकीचाही नाही.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी मायने पिशवी भरली.

"मले गावाले सोडून दे."

"काऊन? इथे काय कमी आहे?"

"इथी काय करू दिवसभर? भिंती पाहू?"

मी गावाजवळच्या जंगलातल्या वाघाचं भय घालून पाहिलं. ती म्हणाली, "तो आपल्या वाटेनं येते, आपल्या वाटेनं जाते. त्याचं काय हाये?" मग मी हुकमाचा पत्ता टाकला. "पुन्हा स्टुलावर चढशील आणि पुन्हा पडशील. कोण येणार आहे तुझी टमाटरं बांधून द्यायला?" तिने पिशवी खाली ठेवली. मी लगेच म्हटलं, "आपण इथेच लावू. गॅलरीत, कुंडीत."

"कुंडीत? टमाटर?" ती असं हसली की जणू मी वाटीत धान पेरायला निघाले होते. पण कबूल झाली. "ठीक हाये. टमाटर येईलवरी राहीन. मंग पाहू."

खरं सांगते, मला ती हवी होती. ऑफिसातून घरी आल्यावर कुलूप उघडावं लागू नये, एवढंच. पण हे तोंडाने कोण बोलणार? त्यापेक्षा टमाटर बरं.

तर मी गेले गच्चीवरच्या त्या सभेत. तिथले म्होरके एक रिटायर्ड इंजिनिअर आहेत. आयुष्यभर सरकारी खुर्ची तापवली आणि आता मातीला मिश्रण म्हणतात. "ताई, ही व्हरायटी घ्या. चेरी आहे. आठ फूट जाते!" असं म्हणून त्यांनी दोन रोपं दिली. आठ फूट! बादलीएवढ्या कुंडीत! या माणसाने सरकारची कामं कशी केली असतील, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता. नाही केला. आठ फूट म्हणजे भरपूर, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

जानेवारी संपेपर्यंत ती झाडं माझ्या डोक्यावर गेली. फळं मोजून नऊ, बोरांएवढी. मायने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "हे लेकराईच्या खेळण्यातलं हाये का वो?" थोडा वारा सुटला की कुंडी आडवी. इंजिनिअर खालून ओरडायचे, "ताई, सपोर्ट द्या, सपोर्ट!" ओरडायला काय जातं त्यांचं?

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले आणि दारातच थबकले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माय स्टुलावर उभी. दातात सुतळी, ताठरलेल्या हाताने शेंडा ग्रिलला बांधून राह्यली. मी आवाज केला नाही. जवळ जाऊन तिची कंबर धरली, खाली उतरवलं, आणि मग दोन्ही झाडं मुळासकट उपटून जिन्यात फेकली. त्या रात्री मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ऐकायला, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी स्वतः नर्सरीत गेले. "उंची किती होते याची?" विचारलं तर तिथला माणूस म्हणतो, "होते ना मॅडम, मस्त होते." सगळ्या जगाला उंचीच विकायची आहे. मग मीच एकेक वाफा पाहत बसले. एका कोपऱ्यात सापडली मला हवी ती रोपं. खोड जाड, पेरं एकमेकांना चिकटलेली, पानं काळपट हिरवी आणि सुरकुतलेली. पलीकडे त्याच जातीचं जुनं झाड होतं, गुडघ्याच्या वर एक बोटही नाही, आणि अंगभर फळं. तीन रोपं घेतली. गॅलरीतल्या जुन्या बादल्यांना भोकं पाडली आणि लावून टाकली.

"हे झाड हाये का कोंबडी बसली हाये?" माय म्हणाली. पण रोज सकाळी पाटावर बसून ती त्यांच्या पानांवर बसणारी खाणींच्या कोळशाची काजळी ओल्या फडक्याने पुसायची, हे मला दिसत होतं.

इंजिनिअर एकदा लिफ्टमध्ये भेटले. "ताई, या बुटक्या जातीत दम नसतो. एकदाच सगळी फळं येतात आणि संपतं."

"तुमचं भाषणही तसं असतं तर किती बरं झालं असतं," मी म्हटलं. त्यानंतर ते जिन्याने जायला लागले.

होळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत तिन्ही झाडं लालबुंद झाली. खरी टमाटरं, मुठीत मावतील अशी. मायने गॅसवर भाजून, मिरची, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून चटणी वाटली. दोघी भाकरीशी हाणून जेवलो. "आंबट हाये. चांगलं हाये," ती म्हणाली. मायच्या तोंडून 'चांगलं' निघायला नशीब लागतं. मला वाटलं, जिंकलो आपण. ही आता कुठे जात नाही.

सकाळी उठून पाहते तर गॅलरीत वर्तमानपत्रावर बी वाळत घातलेलं.

"हे कशाला?"

"गावाले न्यायचं हाये. याले बांधाव नाई लागत. बांबू नाई, स्टूल नाई. खाली बसलं का झालं. आता सांग, काय अडचन हाये?"

अडचण काहीच नव्हती. तिला अडवणारी एकुलती एक अडचण मीच नर्सरीत जाऊन, सुट्टी टाकून, निवडून निवडून संपवली होती.

"तिथे एकटी राहशील?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"अन् इथी?" ती बी बोटाने मोकळं करतच बोलली. "साडेनऊले तू जाते, साताले येते. आली का त्या इंजिनिअरले शिव्या, मंग ऑफिसच्या लोकाईले शिव्या, मंग शेजारचीले शिव्या. अन् झोपते. चार महिने झाले. माह्याशी काय बोलली वो तू? एक गोष्ट सांग."

मी एक गोष्ट शोधली. खरंच शोधली. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "पण तो इंजिनिअर आहेच तसा!"

 वाळलेलं तेवढं बी एका कागदावर गोळा करून मायने तो कागद पुडी बांधायला माझ्यापुढे सरकवला. तिच्या उजव्या हाताची बोटं अजून नीट मिटत नव्हती.