नुसतं फूल

चष्म्याच्या दुकानात मागच्या अंगाला एक खोली असते, तिथे गिऱ्हाईक कधी जात नाही. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारे मालक. मागे एक स्टूल, पाण्याच्या धारेखाली फिरणारं चाक आणि त्या चाकावर काच धरून बसलेला एक माणूस. आपले काचवाले ते हेच. एकतीस वर्षं ते लोकांच्या काचा घासून फ्रेमच्या मापात बसवत होते. काचेवर शाईचा एक बारीक ठिपका द्यायचा आणि तो बरोबर बुबुळासमोर आणायचा. केसभर इकडेतिकडे झाला की गिऱ्हाइकाचं डोकं दुखायचं, मग ते येऊन मालकांचं डोकं खायचं. अशा कामात मुरलेल्या माणसाला हलगर्जीपणा खपत नाही. काचवाल्यांना तर दुसऱ्याचा अजिबातच खपत नसे.

जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की ते हात पुसून फोनवर गोष्टी लिहीत. घरी कौतुकाच्या नावानं आनंद होता. बायको म्हणायची, "अहो, मला तोंडी सांगा काय ते, वाचायला बसले की मला झोप येते." आणि तोंडी सांगायला लागले की तिला कुकर आठवायचा. म्हणून काचवाले बत्तीस जणांच्या एका गटात शिरले. सगळे त्यांच्यासारखेच, पोटापाण्याचं काम सांभाळून इंटरनेटवर लिहिणारे. कुणी औषधांच्या दुकानातले, कुणी बस चालवणारे, आणि सगळ्यांवर छडी उगारून बसलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणत.

गटाची रीत अशी होती. रोज सकाळी हेडबाई जाहीर करत, 'आजचा मान अमुक यांचा.' ज्याचा मान, त्यानं आपली गोष्ट वेबसाइटवर टाकायची. बाकी एकतीस जणांनी ती वाचायची, खाली अभिप्राय लिहायचा आणि निदान तीन ओळखीच्यांना पाठवायची. गटात फक्त लिहायचं, बोलून पाठवायचं नाही. कारण एका कवींनी एकदा स्वतःच्या आवाजात चौदा मिनिटांची कविता पाठवली होती आणि त्यानंतर पाच जण गट सोडून गेले होते.

काचवाले मनापासून वाचायचे, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. कुठलं वाक्य आवडलं, कुठे पात्राचं वय चुकलं, कुठे पाऊस नको होता, सगळं ते नीट लिहीत. बदल्यात त्यांच्या गोष्टीखाली 'अप्रतिम', 'सुंदर', 'व्वा काचवाले' अशी रांग लागायची. त्यांना पहिल्या वर्षी त्याचं अप्रूप वाटलं. दुसऱ्या वर्षी शंका यायला लागली. आपलं लिहिलेलं खरंच कुणी एक तरी माणूस वाचतं का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. एकानं वाचावं. पण वाचावं.

आणि त्यांचा सगळा राग निघायचा तो फूलवाल्या बाईंवर. या बाई स्वतः काही लिहीत नसत. कुणाच्या तरी ओळखीनं गटात आल्या होत्या आणि रोज प्रत्येक गोष्टीखाली एक लाल गुलाब टाकत. अक्षर नाही, शब्द नाही, नुसतं फूल! खुनाच्या गोष्टीलाही गुलाब आणि बारशाच्या गोष्टीलाही गुलाब. "देवाला वाहिल्यासारखं फूल ठेवून मोकळ्या होतात," असं काचवाल्यांनी हेडबाईंना दोनदा कळवलं होतं. "जे वाचत नाहीत त्यांना ठेवायचं कशाला?"

हेडबाई म्हणाल्या, "बघू."

मग काचवाल्यांचा मान आला. या वेळी त्यांनी ताईची गोष्ट लिहिली होती. थोरल्या बहिणीची, त्यांच्या स्वतःच्या. घरात दोघांना शिकवणं झेपेना म्हणून ताईची शाळा सुटली. मग रोज संध्याकाळी ती भाकऱ्या थापायची आणि धाकट्या भावाला सांगायची, "आज काय शिकवलं ते मोठ्यानं वाच." पुढे भाऊ मोठा झाला, कामाला लागला, आणि मोठ्यानं वाचायचं राहून गेलं. ताई गेल्या वर्षी गेली. गोष्टीत मात्र तो भाऊ म्हातारपणी जुनं पुस्तक घेऊन तिच्या दारात जातो. शेवट त्यांनी अकरा वेळा लिहिला. अकराव्यांदा तो मनासारखा उतरला, तेव्हा काचवाले रिकाम्या डब्यासमोर बसून रडले.

गोष्ट लांब होती. फोनवर दोन तुकड्यांत लिहिलेली. ती त्यांनी वेबसाइटवर टाकली आणि चाकाकडे वळले.

दुपारपासून अभिप्रायांचा पूर आला. 'अप्रतिम.' 'निःशब्द केलंत.' 'शेवट वाचून डोळे पाणावले.' बस चालवणाऱ्यांनी लिहिलं, 'असा शेवट तुम्हीच करू जाणे.' काचवाल्यांचा जीव सुपाएवढा झाला. डोळे पाणावले म्हणजे वाचलं असणारच की! एरवी दुकान बंद व्हायच्या आत ते तीनदा चहा पीत, त्या दिवशी एकदाही आठवण झाली नाही.

संध्याकाळी त्यांनी मोजले. तीस. एक कमी. फूल नव्हतं.

ताईच्या गोष्टीला फूलसुद्धा नाही, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी तिथल्या तिथे हेडबाईंना लिहिलं, 'आज तर यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आता त्या तरी राहतील नाहीतर मी.' हेडबाईंनी फार घोळ घातला नाही. अर्ध्या तासात फूलवाल्या बाई गटाबाहेर होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाले चाकावर बसले होते, तेव्हा फोनवर एक आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, वयस्कर बाईचा, जरा अडखळणारा.

"नमस्कार. मी ती फूल टाकणारी. मला गटातून काढलेलं दिसतंय. माझ्याकडून काय चुकलं ते काही कळलं नाही, चुकलं असेल तर माफ करा. मला दिसत नाही हो आता. डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं होण्यासारखं नाही. फोन गोष्टी वाचून दाखवतो, मी सगळ्यांच्या ऐकते. लिहायला गेले तर दहातली आठ अक्षरं चुकतात, आणि तुम्हा लेखक मंडळींसमोर चुकीचं कसं लिहू? त्या चित्रांवर बोट फिरवलं की फोन एकेकाचं नाव सांगतो. गुलाब म्हणाला की मी दाबते. तर सांगायचं म्हणजे, तुमची गोष्ट मध्येच थांबली. भाऊ दार वाजवतो, आतून ताईचा आवाज येतो, आणि पुढे काहीच नाही. माझा फोन बिघडला असेल म्हणून तीनदा पहिल्यापासून ऐकली, मग नातीला वाचायला लावली. तीही म्हणाली, आजी, इथेच संपलंय. आता अर्ध्या गोष्टीला फूल कसं ठेवू? म्हणून थांबले होते. तेवढा शेवट पाठवाल का?"

काचवाल्यांनी ओल्या हातानं वेबसाइट उघडली. गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं, 'त्यानं दार वाजवलं, तेव्हा आतून ताईचा आवाज आला,' आणि पुढे स्वल्पविराम. दुसरा तुकडा त्यांच्या फोनमध्ये जसाच्या तसा पडला होता. टाकायचाच राहिला होता. एकतीस वर्षांत ज्याचा ठिपका कधी हलला नाही, त्या माणसाचा! आणि त्या स्वल्पविरामाखाली तीस जणांचे डोळे पाणावले होते.

त्यांना हसू आलं, आणि मग लक्षात आलं. एक माणूस वाचत होता. दोन वर्षं रोज वाचत होता. त्याच माणसाला त्यांनी हाकलून दिलं होतं. आणि रोज मंद नजरेच्या माणसांच्या काचा हाताळणाऱ्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, की या बाईंना दिसत नसेल.

त्यांनी हेडबाईंना फोन लावला. "त्यांना आत्ताच्या आत्ता परत घ्या."

"अहो, कालच तर तुम्ही म्हणालात—"

"कालचं मी मूर्खासारखं बोललो. आणि त्यांना बोलून पाठवायची परवानगी द्या. चौदा मिनिटं बोलल्या तरी मी ऐकेन."

 हेडबाई म्हणाल्या, "घेते. आणि काचवाले, मीही वाचली नव्हती हो. काल पाहुणे होते."

आता अवघड काम उरलं होतं. काचवाल्यांनी बाईंनाच फोन लावला. त्या "हॅलो" म्हणाल्या तसे ते एका दमात बोलून गेले, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला काढायला मीच सांगितलं होतं. फूल ठेवून मोकळ्या होता, वाचत नाही, असं वाटलं मला. तुम्ही एकट्याच वाचत होतात."

 काचवाल्यांना वाटलं, आता त्या फोन ठेवणार. ठेवला असता तरी त्यांनी तक्रार केली नसती.

"ते नंतर बोलू," बाई म्हणाल्या. "आधी मला सांगा, ताईनं दार उघडलं का?"

काचवाल्यांनी चाक बंद केलं, पाण्याची धार बंद केली, आणि कितीतरी वर्षांनी ते मोठ्यानं वाचू लागले.